गुहागरहून कऱ्हाडास : एका जुन्या गाडीचा प्रवास

सह्याद्रीनें कोंकण आणि देश यांच्यामध्यें जी भिंत घातली आहे, तिला दरवाजे थोडे आहेत, आणि जे आहेत ते सगळे चढणीचे आहेत. बंदरांतून मीठ, खोबरें व सुपारी वर जात असे आणि वरून धान्य व गूळ खालीं येई, तें सर्व ह्याच दरवाजांतून. चिपळूण आणि कऱ्हाड यांना जोडणारा कुंभार्लीचा घाट हा त्यांपैकीं एक, आणि अजूनहि मोठ्या वर्दळीचा. बहुतेक प्रवासी तो रात्रीच्या एस्. टी. गाडींत झोपेंतच ओलांडतात. त्यामुळें त्याविषयीं लिहिण्यासारखें कांहीं आहे, असें सहसा कोणास वाटत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत गुहागरच्या समुद्रापासून कऱ्हाडच्या कृष्णाकांठापर्यंतचा हा मार्ग मला दिवसाउजेडीं आणि अतिशय सावकाश पाहावयास मिळाला. तो कसा दिसला, आणि वाटेंत एका बारीकशा तारेनें आम्हां चौघांना कसें अडवून धरलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रवासाचें निमित्त घरगुती होतें. आमचे थोरले बंधु, ज्यांना घरांत सर्व दादा म्हणतात, गुहागरास वडिलोपार्जित घरांत राहून सुपारीची बाग पाहतात. वय ७९. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु, त्यांत उजवा पुरता पिकलेला. अंगणांतील तुळस कोणती आणि वहिनी कोणत्या, हें आपण आतां केवळ आवाजावरून ओळखतों, असें ते म्हणूं लागले, तेव्हां घरांतल्या मंडळींनीं तो विनोद म्हणून सोडून दिला नाहीं. कऱ्हाडच्या एका रुग्णालयांत शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. आदल्या दिवशीं सायंकाळीं पांचाच्या आंत तपासणीसाठीं हजर व्हावयाचें, नाहींतर पुढची तारीख दीड महिन्यानंतरची, अशी तेथील व्यवस्था होती. दादांनीं सर्व कबूल केलें. अट एकच घातली : जाईन तर आपल्या गाडींतून जाईन.

ही ‘आपली गाडी’ म्हणजे १९९८ सालीं घेतलेली पांढरी मारुति ८००. नव्या पिढीस ती आज खेळण्यासारखी वाटते. परंतु १४ डिसेंबर १९८३ रोजीं दिल्लीस पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या ग्राहकास किल्ल्या मिळाल्या तेव्हांपासून, तों जानेवारी २०१४ मध्यें तिचें उत्पादन थांबेपर्यंत, मोटार ही वस्तु श्रीमंतांच्या देवडीवरून मध्यमवर्गीयांच्या अंगणांत आणण्याचें काम मुख्यतः ह्या गाडीनें केलें. तीन सिलिंडरांचें, ७९६ घन सेंटिमीटरांचें तिचें लहानसें इंजिन. पण आमच्या घरचीं चार लग्नें, दोन मुंजी आणि तीन बाळंतपणें तिनें पार पाडलीं. पंधरा वर्षें पुरीं झाल्यावर खाजगी गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. दादांनीं ती न चुकतां करून घेतली. पुतण्याचें मत निराळें होतें. कऱ्हाडची ही फेरी तिची शेवटची समजावी आणि परत आल्यावर तिला भंगारांत द्यावें, असें त्यानें मला एकांतांत सांगितलें होतें. दादांना हें ठाऊक नव्हतें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. डोळे अधू झाले म्हणून कान अधू होत नाहींत.

गुहागर हें गांव समुद्र आणि डोंगर यांच्या चिमटींत लांबच लांब पसरलेलें आहे. एक सरळ रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांस जांभ्या दगडाचे गडगे, आंत नारळी-पोफळीच्या वाड्या, आणि पश्चिमेकडील वाड्यांच्या मागच्या दारीं समुद्र. श्रीव्याडेश्वर हें अनेक कोंकणस्थ घराण्यांचें कुलदैवत. त्यामुळें दूरदूरचीं कुटुंबें एकदां तरी येथें येऊन जातात, आणि जातांना वाऱ्याची स्तुति करून जातात. येथला रहिवासी मात्र त्या वाऱ्याला ओळखून असतो. त्यांत मीठ असतें, आणि तें लोखंडास सोडीत नाहीं. विहिरीवरची कडी, खिडकीचे गज, कोयतीची पाठ, सायकलची साखळी, सर्वांवर त्याचा लाल हात फिरतो. छपरींत महिनोमहिने उभी असलेली गाडी त्याच्या तावडींतून कशी सुटावी? दिसणारा पत्रा दादा खोबरेल लावून पुसून घेत. पण वारा न दिसणाऱ्या जागींहि जातो.

सकाळीं सातास निघालों. पुतण्या गाडी चालविणार, शेजारीं दादा, मागें वहिनी, मी आणि तीन दिवसांच्या मुक्कामास महिनाभर पुरेल इतकें फराळाचें. शृंगारतळी मागें पडली कीं रस्ता सड्यावर येतो. सडा म्हणजे जांभ्या कातळाचें उघडें पठार. पावसाळ्यांत हा सडा हिरवा असतो. मार्गशीर्षांत वाळल्या गवतानें पिवळा होतो आणि मधूनमधून काळसर कातळ डोकें वर काढतो. मार्गताम्हाणें गांवावरून, वळणें घेत घेत, सुमारें ४५ किलोमीटरांनंतर चिपळूण येतें. हें शहर वाशिष्ठीच्या कांठीं खोलगट जागेंत वसलेलें आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत येथील बाजारपेठ पाण्याखालीं गेली. चिपळूणचा दुकानदार बोलतांना काळाचे दोनच भाग करतो : पुराच्या आधीं आणि पुराच्या नंतर.

बहादूरशेख नाक्यावर मुंबई-गोवा रस्ता ओलांडून आम्ही पूर्वेस वळलों, आणि वहिनी सावरून बसल्या. त्यांचें माहेर कऱ्हाडें. चित्पावनांच्या उत्पत्तीच्या कथा चिपळुणाशीं निगडित आहेत आणि प्राचीन करहाटक, म्हणजे आजचें कऱ्हाड, ह्यावरून कऱ्हाड्यांना नांव मिळालें. तेव्हां हा शंभर किलोमीटरांच्या आंतबाहेरचा रस्ता आमच्या घरांतील दोन पक्षांना जोडतो. “आतां माझ्या मुलखाकडे चाललों,” असें वहिनी म्हणाल्या. दादा म्हणाले, “म्हणूनच चढ लागला.”

चढ खरोखरच लागला होता. खेर्डी, शिरगांव हीं गांवें गेलीं. आलोऱ्याच्या जवळ येतांच उष्णतामापकाचा कांटा नेहमींची जागा सोडून वर सरकूं लागला. पुतण्यानें लगेच गाडी एका आंब्याच्या सावलींत घेऊन इंजिन बंद केलें. पाणी कमी झालें असावें, हें उघड होतें. बॉनेट उघडण्याचा जो खटका चालकाच्या उजव्या गुडघ्यापाशीं असतो, तो त्यानें ओढला. खटका अगदीं सैल, कांहींहि जोर न लागतां हातांत आला, आणि पुढें कांहींच हाललें नाहीं. आंतील तार तुटली होती.

आम्ही कोठें अडलों होतों, तें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. कोयना नदी महाबळेश्वरास उगम पावून दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशीं एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. म्हणजे तिच्या पाण्याची स्वाभाविक दिशा बंगालच्या उपसागराची. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं मनुष्यानें ही दिशा बदलली. धरणानें अडविलेलें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पश्चिमेस आणून पोफळीच्या भूमिगत विद्युत्‌गृहांत सोडलें. तेथून तें कोळकेवाडीच्या तलावांत येतें, पुन्हां वीज देतें आणि शेवटीं वाशिष्ठींतून अरबी समुद्रास मिळतें. एक अख्खी नदी डोंगर फोडून आमच्या शेजारून वाहत होती, आणि आमच्या गाडीस तांब्याभर पाणी पाजण्याची सोय नव्हती. कारण झांकण उघडत नव्हतें.

एका रिक्षावाल्यानें जवळच्या मिस्त्रींना बोलावून आणलें. साठीच्या घरांतील मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, हातांत कापडाची लहानशी पिशवी. पूर्वीं त्यांचें गॅरेज चिपळूणच्या पेठेंत होतें. पुरांत हत्यारें आणि यंत्रें गेलीं, तेव्हांपासून उंचावरच्या ह्या जागीं त्यांनीं पत्र्याची शेड बांधली आहे. त्यांनीं खटका एकदां हलवून पाहिला, मग पाठीवर निजून डोकें डॅशबोर्डाखालीं घातलें. “वर तुटली आहे, हें बरें झालें,” ते आंतूनच म्हणाले. “खालीं तुटली असती तर पुढची जाळी काढावी लागली असती.” तारेचें बोटभर टोक नळींतून बाहेर राहिलें होतें. तें त्यांनीं पकडींत घट्ट धरलें आणि पुतण्यास बाहेर जाऊन बॉनेटचें पुढचें टोक दोन्ही तळव्यांनीं खालीं दाबावयास सांगितलें. दाबल्यानें कुलपावरचा ताण कमी होतो आणि अडकलेली जीभ सुटते. एक, दोन, तिसऱ्या झटक्यास ‘टक्’ असा आवाज झाला आणि बॉनेट बोटभर वर आलें. रेडिएटरचें झांकण कोणासहि हात लावूं न देतां त्यांनीं अर्धा तास थांबविलें, कारण तापलेलें झांकण उघडलें तर उकळतें पाणी तोंडावर येतें. मग दोष दिसला : वरच्या रबरी नळीची पट्टी सैल होऊन पाणी झिरपत होतें. पट्टी आवळली, पाणी भरलें. काम दहा मिनिटांचें.

आतां प्रश्न उरला तुटलेल्या तारेचा. पुतण्या म्हणाला, “बॉनेट दोरीनें बांधूं आणि निघूं; कऱ्हाडास पाहतां येईल.” घड्याळांत साडेदहा वाजले होते. नवी केबल शेडमध्यें नव्हती. ती चिपळुणाहून आणून बसवीपर्यंत दोन-अडीच तास जाणार. पांचाच्या आंत कऱ्हाड गांठावयाचें, तर घाट, वाहतूक आणि न दिसणारें दैव यांसाठीं फारसा वेळ उरत नव्हता. मिस्त्रींनीं मान हलविली. “आतां कुलूप लावलें आणि घाटांत पुन्हां तापली, तर उघडणार कसें? आणि नुसत्या दोरीवर ठेवलें, तर उतारावर वारा आंत शिरून बॉनेट समोरच्या कांचेवर आपटेल. मग समोरचें कांहीं दिसायचें नाहीं.” दादा म्हणाले, “मला तसेंहि दिसत नाहीं. पण चालविणाऱ्याला दिसलें पाहिजे. आणा नवी केबल.” शास्त्रकारांचा सूचीकटाहन्याय हाच. लोहाराकडे कढई करावयास आलेला आणि सुई करावयास आलेला असे दोघे उभे असतील, तर सुईचें काम आधीं करावें. मिस्त्रींचा मुलगा मोटारसायकलीवरून चिपळुणास गेला.

तो परत येईपर्यंत मिस्त्रींनीं जुनी केबल सोडविली. ह्या साध्या दिसणाऱ्या वस्तूमागें मोठी युक्ति आहे. एर्नेस्ट बाउडेन ह्या संशोधकानें १८९६ सालीं तिचें पेटंट घेतलें, म्हणून इंग्रजींत तिला त्याचेंच नांव आहे. नुसती तार सरळ रेषेंतच ओढ पोंचवूं शकते. वांकडी नेली कीं ती ताणली जाऊन सरळ होऊं पाहते. बाउडेननें ती तार एका लवचिक नळींत घातली. पोलादी तारेचे पिळदार वेढे घालून केलेली ही नळी वांकते, पण दाबली जाऊन आखूड होत नाहीं. नळीचीं दोन्ही टोकें पक्कीं बसविलीं, कीं आंतील तार कितीहि वळणें घेत गेली तरी एका टोकाची ओढ दुसऱ्या टोकास जशीच्या तशी मिळते. सायकलचा ब्रेक, स्कूटरचा क्लच आणि मोटारीच्या बॉनेटचा खटका, सर्व ह्याच तत्त्वावर चालतात. आमच्या गाडींत ही केबल खटक्यापासून निघून, चालक आणि इंजिन यांमधील पत्र्याच्या भोंकांतून, उजव्या मडगार्डाच्या आंतल्या कडेनें रेडिएटरवरच्या आडव्या पट्टीपर्यंत जाते आणि तेथील कुलपाची जीभ मागें ओढते. व्याकरण शिकलेल्या मनुष्यास येथें ‘सूत्र’ हा शब्द आठवल्यावांचून राहत नाहीं. सूत्र म्हणजे दोरा. थोडक्या अक्षरांचा असा दोरा, कीं जो ओढला असतां मोठा अर्थ उघडतो. आणि सूत्र तुटलें, तर ग्रंथ समोर असून बंद.

मिस्त्रींनीं तुटलेलें टोक दादांच्या हातांत दिलें. त्यांनीं तें डोळ्यांजवळ नेलें नाहीं; आंगठा आणि तर्जनी यांमध्यें हळूहळू फिरविलें. “हिचे पदर एकदम तुटलेले नाहींत,” ते म्हणाले. “एका अंगाचे आधीं झिजून गेले, मग उरलेल्यांवर भार आला. राहाटाचा दोर असाच जातो. भार असतो तेथें तुटत नाहीं. वळतो आणि घासतो तेथें तुटतो.” मिस्त्री क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले, आणि म्हणाले, “काका, माझ्याकडे चार पोरें शिकून गेलीं. हें एकालाहि सांगून समजलें नाहीं.” त्यानंतर तासभर आंब्याखालीं त्या दोघांचें बोलणें चाललें : सुंभाचा पीळ, पुरांत गेलेलीं हत्यारें, कोणत्या गाडीचा कोणता भाग आतां बाजारांत मिळेनासा झाला. वहिनींनीं फराळाचा डबा उघडला. पुतण्या दर पांच मिनिटांनीं घड्याळ पाहत होता.

बाराच्या सुमारास केबल आली. जुनी केबल ओढून काढण्यापूर्वीं मिस्त्रींनीं तिच्या टोकास एक मजबूत सुतळी बांधली. केबल बाहेर आली तेव्हां तिच्या सगळ्या वाटेवर सुतळी पडून राहिली. मग त्याच सुतळीस नवी केबल बांधून ती उलट ओढून घेतली, म्हणजे अंधारांत वाट शोधावी लागली नाहीं. नळींत आधीं पातळ तेल सोडलें, कुलपास ग्रीस लावलें, पत्र्याच्या भोंकांतील रबराची चकती नीट बसविली, आणि एकहि वळण आखूड राहणार नाहीं अशा बेतानें क्लिपा लावल्या. मुख्य शिकण्यासारखी गोष्ट पुढें होती. पुतण्या बॉनेट आपटून बंद करणार, तोंच त्यांनीं त्याचा हात धरला. “आधीं परीक्षा.” उघड्या कुलपांत स्क्रू-ड्रायव्हर दाबून त्यांनीं जीभ बंद केली आणि खटका ओढावयास सांगितला. जीभ सुटली. असें पांच वेळां केलें, आणि मगच बॉनेट लावलें. नवी केबल सैल बसली असती आणि आधींच झांकण लावलें असतें, तर तीच सर्व कथा पुन्हां आरंभापासून सुरू झाली असती. केबलीचे अडीचशें आणि मजुरीचे दोनशें, एवढेंच त्यांनीं घेतलें. वहिनींनीं दिलेले लाडू मात्र दोनदां घेतले.

साडेबारास निघालों. पोफळीच्या पुढें खरा घाट सुरू होतो. तांबडा जांभा मागें पडतो आणि काळ्या बेसाल्टाचे कडे दिसूं लागतात. झाडी दाट होते, हवा निवते. मागें वळून पाहावें तर कोंकणाच्या टेकड्या एकामागून एक निळसर होत समुद्राकडे उतरत गेलेल्या. दोन हजार फुटांच्या आसपासच्या ह्या चढणीवर आमची लहान गाडी दुसऱ्या गिअरांत कुरकुरत, पण न थांबतां चढली. कांटा जागचा हालला नाहीं. दादा दर दोन वळणांनीं, “कांटा कोठें आहे?” असें विचारीत आणि पुतण्या, “जागेवर आहे, बाबा,” असें उत्तर देई. चवथ्या-पांचव्या वेळीं त्याच्या आवाजांतील अधीरता गेल्याचें मला जाणवलें.

माथ्यावरून उतरलों कीं हेळवाक आणि कोयनानगर. येथील शांतता पाहून ११ डिसेंबर १९६७ ची पहाट कोणाच्या ध्यानांत येणार नाहीं. त्या पहाटेच्या भूकंपानें कोयनानगर उद्ध्वस्त झालें आणि सुमारें पावणेदोनशें माणसें मृत्युमुखीं पडलीं. धरणास तडे गेले, पण तें उभें राहिलें. पुढें तें मजबूत करण्यांत आलें. येथून पुढें रस्ता कोयनेच्या संगतीनें पाटणावरून कऱ्हाडास जातो. खालीं आलोऱ्यास भेटलेलें पाणी आणि हें पाणी एकाच नदीचें. एक पश्चिमेस गेलें, एक पूर्वेस चाललें. पावणेचारास कऱ्हाडांत शिरलों. रुग्णालयांत दादांचें नांव चार वाजून दहा मिनिटांनीं लागलें.

शस्त्रक्रिया यथास्थित झाली. चवथ्या दिवशीं प्रीतिसंगमावर, जेथें कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि यशवंतराव चव्हाणांची समाधि आहे, तेथें दादांनीं उजव्या डोळ्यानें प्रथम नदी पाहिली, मग वहिनींकडे पाहिलें आणि केस केव्हां इतके पिकले, असें विचारलें. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही पाहत नव्हतां तेव्हां.”

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी आहे, त्यांच्यासाठीं मिस्त्रींनीं सांगितलेलें थोडक्यांत देतों. केबल एका दिवसांत तुटत नाहीं. ती आधीं सूचना देते. खटका जड लागूं लागतो, ओढल्यावर जागेवर परत जात नाहीं, दोनदां ओढल्याशिवाय बॉनेट उठत नाहीं, किंवा नळीच्या तोंडाशीं तांबडी भुकटी दिसते. ह्यांपैकीं एक जरी खूण दिसली, तरी बॉनेट उघडें असतांनाच केबल बदलून घ्यावी. बंद झाल्यावर तेंच काम दुप्पट होतें. समुद्राकांठच्या घरांनीं पावसाळ्याच्या आधीं आणि नंतर कुलपास ग्रीस लावावें, आणि गाडी चालवावयाची नसली तरी आठवड्यांतून एकदां खटका ओढून पाहावा. पुढच्या कडेखालीं बोटानें सोडावयाचा जो दुसरा आंकडा असतो, तोहि धरतो कीं नाहीं हें पाहावें. मुख्य कुलूप सुटलें तर वाऱ्यापासून वांचविणारा तोच. आणि बॉनेट लावण्यापूर्वीं परीक्षा करावी.

गाडी भंगारांत गेली नाहीं. परत आल्यावर पुतण्यानें तिच्या नोंदणीची तारीख स्वतःच्या डायरींत लिहून घेतली, आणि छपरीच्या पश्चिमेकडील उघड्या अंगास झांपा बांधून घेतला, म्हणजे वारा सरळ आंत येत नाहीं. कुंभार्लीनें कधीं जाण्याचा योग आला, तर वाचकांनीं तो दिवसां करावा, आणि चढ लागण्यापूर्वीं आलोऱ्यास थोडें थांबावें. गाडीस विसांवा मिळतो, आणि डोंगर ओलांडून आलेली नदी पाहावयास मिळते.